आधी वस्तू, मग पेन्सिल, मग कॅड: ड्रॉइंग शिकायला बसणाऱ्यांसाठी

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, करून घ्यायची असली की वडील लोहारकाकांच्या भात्यापाशी जाऊन बसायचे. "जरा रुंद करा, अन् डाव्या अंगाला वाक कमी," एवढंच सांगणं. काका बोटांनी माप घ्यायचे, घण पडायचा, मध्येच वडील म्हणायचे, "अजून थोडी." पास तयार. कागद नाही, पेन्सिल नाही.

पुढं वाळूजला ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा वडील गावात सांगायचे, "पोरगं कंपनीत चित्रं काढतं." मला राग यायचा, पण काम नेमकं काय आहे ते मलाही नीट सांगता येत नव्हतं. आता येतं. जॉबची, म्हणजे बनवायच्या वस्तूची, कल्पना एकाच्या डोक्यात असते, तो बनवणारा दुसऱ्याच शेडमध्ये असतो, तपासणारा तिसऱ्या गावात. तिघं एकमेकांना कधी भेटत नाहीत. भात्यापाशी बसून "अजून थोडी" म्हणणारा माणूस तिथं नसतो. त्याच्या जागी कागद जातो, आणि त्या कागदावर विचारायची सोय नसते. शिकताना हे डोक्यात ठेवलंत तर निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते का आहेत हे आपोआप कळतं.

दहावी-बारावी करून आयटीआयला किंवा पॉलिटेक्निकला निघालेली, नाहीतर नुसताच "कॅडचा" (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा) क्लास लावायला निघालेली मुलं मला विचारत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं मेकॅनिकलची आहेत. सिव्हिलवाल्यांसाठी मध्ये एक परिच्छेद टाकलाय.

पहिले तीन आठवडे कॉम्प्युटर बंद

हे ऐकून पोरांचा चेहरा पडतो. पण मी स्वतः तीन महिन्यांचा एक क्लास केला होता. कुठला ते जाऊ द्या. तिथं शंभरेक कमांड शिकवल्या. लाईन, ट्रिम, मिरर सगळं झरझर यायला लागलं. इंटरव्ह्यूला गेलो तर समोरच्या साहेबांनी टेबलावर एक लोखंडी तुकडा ठेवला आणि म्हणाले, "याचे तीन व्ह्यू हातानं काढ." म्हणजे समोरून, वरून आणि बाजूनं तो कसा दिसतो ते. मी वीस मिनिटं त्या तुकड्याकडं बघत बसलो. कमांड येत होत्या, तुकडा दिसत नव्हता.

म्हणून सामान अगदी थोडं घ्या. ए३ आकाराचे कागद (२९७ × ४२० मिमी), दोन गुण्ये, एक बरा कंपास, स्टीलची पट्टी, खोडरबर आणि दोन पेन्सिली. २एच हलक्या रेघांना, एचबी ठळक रेघांना आणि अक्षराला. मिनी ड्राफ्टर (बोर्डाला लावून रेघा काढायचं साधन) कॉलेजात लागेल तेव्हा घ्या. घरी सपाट टेबल आणि चिकटपट्टी पुरते. जमलं तर एक वर्निअर कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) मिळवा. दादा-काका कुणी कंपनीत असतील तर सुट्टीच्या दिवशी मागून आणा, पण पाडू नका.

कागदाच्या मापाची एक गंमत आहे. ए० कागद ८४१ × ११८९ मिमी, म्हणजे जवळपास बरोबर एक चौरस मीटर. तो मधोमध दुमडला की ए१, तो दुमडला की ए२, असं ए४ पर्यंत. दर वेळी आकार लहान होतो, पण लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. त्यामुळं ए३ चं ड्रॉइंग झेरॉक्सवाल्याकडं ए४ वर आणलं तर सगळं सारखंच लहान होतं, साधारण ७१ टक्के. दिसायला कागद तोच वाटतो, आणि फसायची जागा हीच. कागदावर पट्टी ठेवून कधीही माप घ्यायचं नाही. लिहिलेलं माप खरं, काढलेली रेघ नुसती आकार दाखवायला.

रेघा ओळखा

ड्रॉइंगमध्ये रेघ म्हणजे शब्द. जाड अखंड रेघ म्हणजे समोरून दिसणारी कड. तुटक रेघ म्हणजे कड आहे, पण आड गेलीय. बारीक 'लांब-ठिपका-लांब' रेघ म्हणजे मध्यरेषा, होलच्या आणि गोल भागाच्या मधून जाणारी. माप दाखवायच्या रेघा बारीक अखंड. कापून आतलं दाखवलं तर कापलेल्या भागावर ४५ अंशात बारीक तिरप्या रेघा, त्याला हॅचिंग म्हणतात. एवढं पहिल्या महिन्याला पुष्कळ झालं.

नवखी मुलं सगळ्या रेघा एकाच जाडीच्या काढतात. मग कड कुठली आणि मापाची रेघ कुठली हे शोधण्यात मशिनवरच्या ऑपरेटरचा वेळ जातो. जाड रेघ बारीक रेघेच्या दुप्पट ठेवा, कागद लगेच बोलायला लागतो.

एक ब्रॅकेट, तीन व्ह्यू

आता खरी गोष्ट. एल आकाराचा एक ब्रॅकेट घेऊ. समोरून बघितलं तर इंग्रजी एल दिसतो: खालची पट्टी ८० मिमी लांब, डावीकडं उभी पट्टी, एकूण उंची ६०. जाडी सगळीकडं १०. समोरून मागंपर्यंतची रुंदी ५०. खालच्या पट्टीत १२ मिमीचं एक आरपार होल आहे, डाव्या कडेपासून ५० वर आणि पुढच्या कडेपासून १५ वर. म्हणजे होल मधोमध नाही, पुढं सरकलेलं आहे. हे मुद्दाम तसं घेतलंय.

शक्य असेल तर हा ब्रॅकेट थर्माकोलचा किंवा साबणाच्या वडीतून कापून करा. गावाकडं असाल तर मातीचा करा, वाळला की चाकूनं कडा सरळ करा. हातात धरून फिरवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

समोरचा व्ह्यू आधी. एल काढा. होल इथून दिसत नाही, ते पट्टीच्या आत आहे. म्हणून डाव्या कडेपासून ४४ वर आणि ५६ वर दोन छोट्या उभ्या तुटक रेघा, आणि मध्ये ५० वर मध्यरेषा.

वरचा व्ह्यू. डोकं वाकवून ब्रॅकेटकडं वरून बघा. ८० × ५० चा आयत, डावीकडून १० वर एक उभी रेघ (उभ्या पट्टीची आतली कड) आणि १२ चा गोल. हा व्ह्यू कागदावर समोरच्या व्ह्यूच्या खाली येतो. "वरून बघितलं अन् खाली काढलं?" हा प्रश्न दर वर्षी येतो. भारतात फर्स्ट अँगल पद्धत चालते. तिच्यात वस्तू बघणाऱ्याच्या आणि कागदाच्या मध्ये असते. दिव्यासमोर हात धरला की सावली हाताच्या पलीकडच्या भिंतीवर पडते, तसंच. वरून बघितलं की पलीकडची बाजू म्हणजे खाल. डावीकडून बघितलं की पलीकडची बाजू म्हणजे उजवीकड.

म्हणून डावीकडून दिसणारा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या उजव्या बाजूला काढायचा. तो ५० रुंद, ६० उंच आयत. उभी पट्टी पुढं असल्यानं खालची पट्टी तिच्या मागं लपते, म्हणून खालून १० वर आडवी तुटक रेघ. आणि होल? डावीकडं उभं राहिलं की ब्रॅकेटची पुढची बाजू आपल्या उजव्या हाताला येते. म्हणून होलची मध्यरेषा या आयताच्या उजव्या कडेपासून १५ वर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ६-६ वर तुटक रेघा, खालून १० उंचीपर्यंत. इथं चुकलात तर वैतागू नका, ब्रॅकेट उचला आणि परत फिरवून बघा.

अमेरिकेतून आलेलं ड्रॉइंग बहुतेक थर्ड अँगलमध्ये असतं. तिथं जिकडून बघितलं तिकडंच व्ह्यू ठेवतात: वरचा वर, उजवीकडचा उजवीकडं. कुठली पद्धत आहे हे खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत छोट्या कापलेल्या शंकूच्या आणि त्याच्या शेजारच्या दोन गोलांच्या चिन्हानं दाखवतात. शंकूचं मोठं तोंड गोलांकडं असेल तर फर्स्ट अँगल, लहान तोंड गोलांकडं असेल तर थर्ड.

हे चिन्ह मी एकदा बघितलं नाही. बाहेरच्या ग्राहकाचं ड्रॉइंग होतं, दोनच व्ह्यू, समोरचा आणि उजव्या बाजूला ठेवलेला. वरचा व्ह्यू नव्हता. मी सवयीनं तो डावीकडून दिसणारा धरला. तो उजवीकडून दिसणारा होता. आकार हुबेहूब तसाच बसला, पण होल पुढच्या कडेपासून १५ ऐवजी मागच्या कडेपासून १५ वर गेलं. उजव्या पायाच्या चपलेऐवजी डाव्याची चप्पल, तसं. सत्तर नग ड्रिल होऊन आले तेव्हा तपासणीत लक्षात आलं. सगळे भंगारात. वर्कशॉपमधल्या काकांनी फक्त एवढंच विचारलं, "शंकू बघितलास का, बाबा?" त्या दिवसापासून माझी नजर आधी कोपऱ्यात जाते.

माप टाकणं

व्ह्यू बरोबर आले तरी माप चुकीचं टाकलं तर जॉब बिघडतो. काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. प्रत्येक माप एकदाच लिहायचं. दोनदा लिहिलं की एक बदलताना दुसरं विसरतं. मिमी शब्द प्रत्येक मापापुढं लिहायचा नाही, चौकटीत एकदा सांगून टाकायचं. व्यास असेल तर गोलाचं चिन्ह (Ø), त्रिज्या असेल तर आर. मापाची रेघ आकारापासून आठ-दहा मिमी दूर. तुटक रेघेला शक्यतो माप द्यायचं नाही. आपल्या ब्रॅकेटचं होल वरच्या व्ह्यूत पूर्ण गोल दिसतं, तर त्याचं माप तिथंच.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माप कुठून द्यायचं. समजा एका पट्टीत चार होल आहेत, २५-२५ मिमीवर. पहिलं कडेपासून २५, दुसरं पहिल्यापासून २५, अशी साखळी केली आणि प्रत्येक मापात ±०.२ चालेल असं म्हटलं, तर चौथ्या होलपर्यंत चूक ०.८ पर्यंत जाऊ शकते. तीच मापं एकाच कडेपासून २५, ५०, ७५, १०० अशी दिली तर चौथं होलही ०.२ च्या आतच राहतं. ऑपरेटर तोच, मशिन तेच, फरक फक्त तुमच्या कागदाचा. सहनमर्यादा, म्हणजे टॉलरन्स, याचं सगळं शास्त्र पुढं येईल. तूर्त एवढं पक्कं करा की मशिनवर १२ चं होल नेमकं १२ कधीच येत नाही. किती चुकलेलं चालेल हे सांगायचं काम तुमचं.

फॅब्रिकेशनच्या दुकानात अजून सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. तुम्ही १० ची पट्टी मागितली की दुकानदार विचारतो, "तीन सुती ना?" तीन सूत म्हणजे साडेनऊ मिमी. होकार देण्याआधी वर्निअर लावा.

सिव्हिलवाल्यांसाठी

प्रोजेक्शन, म्हणजे व्ह्यू काढायची पद्धत, तेच, नावं बदलतात: प्लॅन, एलिव्हेशन (समोरून दिसणारं), सेक्शन (उभं कापून दिसणारं). प्लॅन म्हणजे खिडकीच्या उंचीवर घर आडवं कापून वरून बघणं, छताचा फोटो नव्हे. लातूर-नांदेडच्या ऑफिसांत गिऱ्हाईक फूट-इंचात बोलतं आणि जागा गुंठ्यात सांगतं. गुंठा ३३ × ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. दारं कुठल्या बाजूला उघडतात ते पाव गोलानं दाखवायला विसरू नका. खाट ठेवल्यावर दार उघडेना, ही तक्रार फार जुनी आहे.

आता कॉम्प्युटर

तीन आठवड्यांत दहा-बारा वस्तू हातानं काढल्या असतील (पाना, कंपासपेटी, शेगडीचा स्टँड, सायकलचं पेडल, काहीही) तर आता बसा. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं आणि आजही २डी कामाला आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी तेच. विद्यार्थी असल्याचं सिद्ध केलं तर शिकण्यापुरतं ते मोफत मिळतं. धंद्याच्या कामाला ते चालत नाही. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेकॅड टाका, ते सगळ्यांसाठी मोफत आहे आणि २डी शिकायला पुरतं. ३डीसाठी फ्रीकॅड आहे. चोरीची कॉपी टाकू नका. नोकरीत लागल्यावरही तीच सवय राहते आणि तिथं ती महागात पडते.

पहिलं काम: युनिट मिलिमीटर करा. दुसरं: लेअर बनवा. 'आऊटलाईन' ०.५ जाडीचा, 'हिडन' ०.२५ तुटक, 'सेंटर' ०.२५ मध्यरेषेचा, 'डायमेन्शन' ०.२५. रंग वेगळे द्या. हातानं दोन पेन्सिली वापरत होतात, तेच इथं लेअर करतं. सगळं एकाच लेअरवर काढणारा पोरगा मी लांबूनच ओळखतो.

तिसरं: आकार नेहमी खऱ्या मापात काढा, एकास एक. कागदावर लहान करायचं ते प्रिंट देताना.

आता तोच ब्रॅकेट ऑटोकॅडमध्ये. कीबोर्डवर एल दाबून एंटर, म्हणजे लाईन. पहिला बिंदू ०,०. मग क्रमानं @८०,० नंतर @०,१० नंतर @-७०,० नंतर @०,५० नंतर @-१०,० आणि शेवटी सी दाबून बंद करा. @ म्हणजे "मागच्या बिंदूपासून". एल तयार. वरचा व्ह्यू ४० खाली ठेवू: रेक्टँगल, पहिला कोपरा ०,-९० आणि दुसरा @८०,५०. आतली रेघ १०,-९० पासून @०,५० पर्यंत. होल: सर्कल, मध्य ५०,-७५, मग आधी डी दाबा, मग १२. डी विसरलात तर सॉफ्टवेअर १२ ही त्रिज्या समजतं आणि २४ चं होल काढतं. ब्रॅकेट ५० च रुंद आहे, म्हणजे होल पुढच्या कडेपासून फक्त ३ मिमीवर येतं. दिसायला 'जरा मोठं' दिसतं, एवढंच.

बाजूचा व्ह्यू तुम्ही स्वतः काढा. त्याचा डावा खालचा कोपरा १२०,० वर घ्या. होलची मध्यरेषा १५५ वर आली पाहिजे.

ऑर्थो (रेघ सरळ आडवी-उभी ठेवणारं) एफ८ वर, ऑब्जेक्ट स्नॅप (रेघेचं टोक नेमकं पकडणारं) एफ३ वर. स्नॅप बंद ठेवून "बरोबर दिसतंय" म्हणून रेघ टोकाला टेकवू नका. झूम केलं की मध्ये फट दिसते, आणि हॅच भरायला गेलात की भरत नाही. तुटक रेघ अखंडच दिसायला लागली तर घाबरू नका, एलटीस्केल (तुटक रेघेच्या तुकड्यांचं प्रमाण) बदला. सुरुवातीला ऑफसेट, ट्रिम, एक्स्टेंड, फिलेट, मिरर, कॉपी आणि मूव्ह एवढ्या कमांड पुरतात. बाकीच्या गरज पडेल तशा येतात. सेव्ह दर दहा मिनिटांनी. गावाकडं लाईटचा भरवसा नसतो आणि डेस्कटॉपला बॅटरी नसते.

पुढं कुठं

नियमित शिकायचं तर आयटीआयत ड्राफ्ट्समन मेकॅनिकल आणि ड्राफ्ट्समन सिव्हिल असे दोन वेगळे ट्रेड आहेत, दोन्ही दोन वर्षांचे, दहावीनंतर. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला बहुतेक शाखांना ड्रॉइंग असतं. टूल-डायच्या (साचे-हत्यारं बनवायच्या) कामाकडं कल असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथल्या कोर्सची चौकशी जरूर करा. कुठलाही क्लास लावण्याआधी एकच विचारा: "सर, वस्तू मोजून ड्रॉइंग काढायला लावता का?" उत्तर गोलमोल आलं तर पैसे वाचवा.

आणि घरी करायची शेवटची पायरी. तुमच्या ब्रॅकेटची प्रिंट काढा आणि ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांना द्या. "हा एक नग करून द्या," म्हणा, पैसे ठरवा आणि तिथून निघून या. शेडमध्ये थांबायचं नाही, फोनवरही समजावून सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी गेलात की आधी विचारा, "काका, कुठं कुठं अडलात?" सगळं वहीत लिहून घ्या, मग वर्निअर काढा. माझ्या पहिल्या ब्रॅकेटला काकांनी पाच शंका काढल्या होत्या. त्यातली पहिली होती, "हे १५ कुठल्या कडेपासून, लेकरा?"